कुत्र्याचे कागद

मुरबाडच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं लेखनिक होतो. म्हणजे गुरुजी नव्हे. गुरुजींना गाव नमस्कार करतं, लेखनिकाकडे गाव दाखल्यापुरतं येतं. पण कागद या वस्तूवर माझा जीव आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्यापायीच झालं. आमचा कुत्रा जर्मनीला कुणी पाठवला असं विचारलं, तर गावात सगळे शेजारच्या फार्महाऊसवाल्या बाईंकडे बोट दाखवतात. खरं म्हणजे तो मी पाठवला.

निवृत्त झाल्यावर मी आणि बायको घाटाच्या पायथ्याला, वैशाखऱ्याला आमच्या गावी येऊन राहिलो. घराला लागून आमचं भाताचं शेत आणि शेताच्या पलीकडे मुंबईच्या एका जोडप्याचं फार्महाऊस. फार्म म्हणजे आंब्याची दहा कलमं आणि एक झोपाळा. साहेब कॉम्प्युटरच्या कंपनीत, बाईही कसल्याशा कंपनीत. शनिवारी सकाळी यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. आम्हाला काका-काकू म्हणायचे आणि बंगल्याची किल्ली आमच्याकडे ठेवायचे. शहरातला माणूस असंच नातं जोडतो. नातंही होतं आणि रखवालदारही ठेवावा लागत नाही.

कुत्रा बायकोने आणला होता. पेंढ्याच्या उडवीखाली कुठलीशी व्यालेली कुत्री मरून पडली होती, तिच्यापाशी हा एकटा जिवंत होता. बिस्किटाच्या रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. त्याच्या आधीचे आमचे दोन कुत्रे बिबट्याने नेले होते. दोन्ही वेळा मागे साखळी राहिली होती. म्हणून हा तिसरा आम्ही कधी बांधला नाही, आणि सांज झाली की घरात घ्यायचा असा बायकोचा नेम होता.

सोमवार ते शुक्रवार तो आमच्या ओट्यावर असे. शनिवारी त्यांची गाडी वळणावर वाजली, की हा बांधावरून पलीकडे. तिथे त्याला डब्यातलं माशाचं खाणं होतं, मऊ गादी होती आणि एक इंग्रजी नाव होतं. ते नाव बायकोच्या तोंडात कधी बसलं नाही. आमच्याकडे त्याला नावच नव्हतं. ज्या घरात एकच कुत्रा आहे तिथे नाव कशाला लागतं? रविवारी गाडी गेली की तो परत यायचा, सासुरवाडीला चार दिवस राहून आलेल्या जावयासारखा सुस्तावलेला. सोमवारी भाकरीकडे बघायचा नाही. मंगळवारी निमूट खायचा.

असं तीन वर्षं चाललं. कुणाची काही तक्रार नव्हती, कुत्र्याची तर मुळीच नव्हती.

एका शनिवारी, आंबे उतरवायच्या दिवसांत, बाई ओट्यावर येऊन बसल्या. बायको खालच्या अंगणात कुरडया उलटत होती.

"काका, आम्ही जर्मनीला शिफ्ट होतोय," बाई म्हणाल्या. "कायमचं. पण एक आमचं पक्कं ठरलंय. याला आम्ही मागे सोडणार नाही."

बायकोचा हात थांबला. "याला म्हंजे कोनाला?"

हा म्हणजे कोण ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. तो बाईंच्या सँडलवर हनुवटी ठेवून पडला होता. शनिवारच होता.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की बाई, कुत्रा आमचा आहे. मी तोंड उघडलंही. आणि माझ्या तोंडातून निघालं, "कागद काय काय लागतात?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं शाळेतल्या मुख्याध्यापकांनीही माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

बाईंनी पर्समधून छापलेले कागद काढले. इंग्रजी, बारीक टायपात, चौदा पानं. मी चष्मा लावला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. निवृत्तीनंतर माझ्या हातात वाण्याची यादी आणि लाइट बिलापलीकडे काही आलं नव्हतं. दुपारचं जेवण बाजूला सारून मी ती चौदा पानं वाचली, मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत क्रम लिहिला. आधी कातडीखाली चिप. मग रेबीजची लस. मग निदान तीस दिवस थांबून, लस लागू पडली का ते बघायला रक्त. ते रक्त परदेशातल्या मान्य प्रयोगशाळेत जाणार. अहवाल चांगला आला तर रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. मग शेवटच्या आठवड्यात सरकारी डॉक्टरचा दाखला. माणसाला मुरबाडहून कल्याणला जायला पास काढावा लागतो तेवढंच काय ते मला प्रवासाचं ठाऊक. इथे कुत्र्याला समुद्र ओलांडायला सहा महिने लागणार होते.

रविवारी बाई उत्साहात म्हणाल्या, "लस तर आम्ही देऊनही टाकली, काका. तीन आठवड्यांपूर्वी कल्याणला. आता फक्त चिप बसवायची."

आणि त्यांनी लशीचं कार्ड पुढे केलं.

मी कार्ड पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. लस आधी, चिप नंतर. क्रम उलटा झाला होता. चिप नसलेल्या कुत्र्याला दिलेली लस त्यांच्या हिशेबी कुठल्या कुत्र्याला दिली ते सिद्धच होत नाही. असे कागद घेऊन बाई सहा महिने पळापळ करणार, आणि अगदी शेवटी, विमानतळाच्या दारात, कुणीतरी तारखा बघून कुत्रा परत पाठवणार. परत म्हणजे आमच्या ओट्यावर.

मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरे होतं.

"बाई, हे चालणार नाही," मी म्हणालो. "पान सहा, दुसरा परिच्छेद बघा. लस पुन्हा द्यावी लागेल."

बाईंनी पान सहा वाचलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "काका, यू आर अ लाइफसेव्हर! तुम्ही नसता तर काय झालं असतं!"

संध्याकाळी गाडी गेल्यावर बायकोनेही जवळजवळ हेच विचारलं. "तुमी गप बसले असते तं काय झालं असतं?"

"चुकीचा कागद दिसला तर गप्प कसं बसायचं?"

"जलम गेला तुमचा बरोबर कागद करन्यात. आता ऱ्हा कागदाला मिठी मारून." ती आत गेली. त्या रात्री भाकरी मला मिळाली, भाजी कुत्र्याला.

जूनमध्ये कल्याणला गेलो. बाईंची गाडी, बाई पुढे, मागे मी, बायको आणि मध्ये कुत्रा. बायको यायला तयार नव्हती, पण तिच्याशिवाय तो कुणाला अंगाला हात लावू देत नव्हता. बाईंच्या मांडीवर तो बिस्किटासाठी जायचा. सुई दिसली की मात्र बायकोच्या पदरात. त्यामुळे मालकीण कागदावर एक आणि धरायला दुसरी, अशी व्यवस्था शेवटपर्यंत राहिली. वाटेत सरळगावला तो सीटवर ओकला. बाई म्हणाल्या, "ही इज सो स्ट्रेस्ड." बायको म्हणाली, "सुकट खाल्ली सकाळी चोरून."

डॉक्टरांनी चिप दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी.

"कोलमच्या का रत्नाच्या?" बायकोने विचारलं. डॉक्टर शहरातले, ते नुसतेच हसले.

मानेवर एक सुई, आणि डॉक्टरांनी यंत्र फिरवल्यावर पंधरा आकडी नंबर उमटला. मी तो वहीत उतरवून घेतला आणि मगच लशीची सुई टोचू दिली. घरी येऊन ताडून पाहिलं. माझ्या आणि बायकोच्या आधारकार्डावर बारा आकडे. म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे. कुत्र्याचे पंधरा. आमच्या घरात सरकारदरबारी आता तोच सगळ्यांत मोठा.

अर्ज मी भरला. बाईंनी आपण होऊन सांगितलं, "काका, तुमचं अक्षर किती सुंदर आहे!" एवढं पुरे होतं. जात या रकान्यात बाईंनी 'इंडियन नेटिव्ह ब्रीड' असं लिहायला लावलं.

"गावठी म्हना की," बायको म्हणाली.

"काकू, तिकडे याला फार मान आहे. रेअर आहे."

"आमच्याकडं रस्ताभर हाय."

जन्मतारखेच्या रकान्याशी मी थांबलो. उडवी, मेलेली कुत्री, थंडीचे दिवस, यापलीकडे काहीच माहीत नव्हतं. पण असा पेच माझ्यासाठी नवीन नव्हता. तालुक्यातल्या शेकडो पोरांचे आईबाप शाळेत येऊन "कवा झाला काय म्हाईत, भातलावणी चालू व्हती" असं सांगायचे, आणि मी त्या सगळ्यांना एक जून ही जन्मतारीख दिली आहे. आज त्यातले काही पोलिसात आहेत, एक तहसील कचेरीत आहे. सगळे एक जूनचे. कुत्र्यालाही एक जून दिली.

मग 'मालकाचे नाव' हा रकाना आला. बाई समोरच बसल्या होत्या, बायको चूल सारवत होती. मी बाईंचं पूर्ण नाव लिहिलं. सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावलं आणि मला उगाच शाळेतल्या त्या पोरी आठवल्या, ज्यांच्या दाखल्यावर मी 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात काहीतरी लिहून द्यायचो आणि ज्या मला नंतर कधी दिसायच्या नाहीत.

जुलैत रक्त काढलं. पुन्हा बायकोने धरला. रक्त विमानाने परदेशी गेलं. वैशाखऱ्याच्या माणसाचं रक्त तपासायचं तर त्याला जीप पकडून मुरबाडला जावं लागतं, आणि तिथेही कधी यंत्र बंद असतं. पाच आठवड्यांनी अहवाल आला. उत्तम. बाईंनी फोनवर आनंदाने किंकाळी फोडली. मी तो अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलला लावला. हो, फाइल केली होती. निळी, दोरीची.

त्याच सुमारास पिंजरा आला. विमानातला पिंजरा विमान कंपनीच्या मापाचा लागतो. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत अशी मापं मी सुताराच्या टेपने घेऊन दिली होती. पडलेला कान धरायचा की उभा, यावर बाईंशी अर्धा तास फोन झाला. शेवटी उभा धरला. कुत्र्याला पिंजऱ्याची सवय व्हावी म्हणून पिंजरा आमच्या पडवीत ठेवायचा, दार उघडं ठेवायचं आणि आत त्याला आवडेल असं वातावरण करायचं, अशी सूचना होती. बाईंनी आत गादी टाकली, खेळण्यातलं रबरी हाड टाकलं आणि सोमवारच्या मीटिंगसाठी मुंबईला गेल्या.

कुत्रा पिंजऱ्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आमची खुडूक कोंबडी आत जाऊन बसली. गादी मऊ, तिन्ही बाजूंनी आडोसा, तिला आणखी काय हवं? बायकोने तिच्याखाली अंडी ठेवली. बाईंचा रोज संध्याकाळी मेसेज यायचा, "आत बसतोय का?" मी रोज लिहायचो, "प्रगती आहे." एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. त्यानंतर बायकोने गादी झटकली, आत सुकट टाकली, आणि कुत्रा गेला. गेला तो असा गेला की बाहेर येईना. कोंबडीचा वास, सुकटीचा वास, वर गादी. पुढच्या शनिवारी बाईंनी त्याला आत झोपलेला पाहिलं आणि डोळ्यांना रुमाल लावला.

या सगळ्यात एकदाच भांडण झालं. माझी मेव्हणी सापगावला असते. तिच्या फोनवर कुठून कुठून फिरत एक पोस्ट आली, कुत्र्याच्या फोटोसकट. तिने बायकोला फोन लावून वाचून दाखवलं. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रस्त्यावर उपाशी, हाडांचा सापळा झालेला हा जीव आम्हाला सापडला, त्याला प्रेम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आता तो नव्या आयुष्याकडे निघाला आहे. खाली शेकडो लोकांनी बाईंना आशीर्वाद दिले होते. एकाने लिहिलं होतं की अशा गावांतल्या लोकांना माणुसकीच नसते.

"अगो, तुजाच कुत्रा ना तो?" मेव्हणी विचारत होती.

शनिवारी बाई आल्या तेव्हा बायको बांधावर उभी होती. बाईंना गाडीतून नीट उतरूही दिलं नाही.

"उपाशी व्हता? माज्या दारात?"

"काकू, ऐका ना..."

"रोज सकाळी दोन भाकऱ्या खातो त्यो. थंडीत ज्वारीची, पावसात तांदळाची. रस्त्यावर कुटं घावला तुमाला? माज्या ओट्यावर घावला. मी बसले व्हते तितं."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "काकू, तुमच्याबद्दल नाही हो ते. लोकांना अशीच गोष्ट आवडते. ती वाचून लोक ओळखी काढून देतात, विमानाचं बघायला, तिकडे कुत्रा चालेल असं घर मिळायला, सगळ्याला मदत होते. चांगल्या घरातून आणला म्हटलं तर लोक विचारतील, मग आणला कशाला?"

"तेच मी इचारते," बायको म्हणाली.

पोस्ट त्या दुपारी काढली गेली. दुसरी टाकली, त्यात 'रस्त्यावर' काढून 'निसर्गाच्या सान्निध्यात' घातलं होतं. आमचा उल्लेख त्यातही नव्हता, पण सान्निध्याबद्दल बायकोची हरकत नव्हती.

त्यानंतर तिने सरळ सांगितलं. "कुत्रा जानार नाय. तुमची ती निळी फाइल चुलीत घाला."

मी घातली नाही. पण बाईंना कसं सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायला लागलो. खरोखर लागलो. दोन आठवडे जुळवत होतो.

गणपती जाऊन आठ-दहा दिवस झाले होते. भात पोटऱ्यात आलं होतं. दिवेलागणीची वेळ. रस्त्यापलीकडच्या घराचा कुत्रा अंगणात बांधलेला होता, तो एकदाच केकाटला. एकदाच. मग काही नाही. माणसं बॅटऱ्या घेऊन धावली, डबे वाजवले. भातातून ओढत नेल्याची वाट दिसली आणि खुंट्याला साखळी होती. आमचा हा पडवीतल्या पिंजऱ्यात अगदी मागच्या कोपऱ्यात शिरला होता. गादी भिजली होती. बायकोने त्याला ओढून बाहेर काढला, घरात घेतला, कडी घातली. रात्रभर तो तिच्या पायांपाशी थरथरत होता.

दोन दिवस तिने कुत्र्याला उंबरा ओलांडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "हितं ठेवला तं बिबट्या नेनार. बाई नेते तं नेऊ दे."

"नक्की?"

"बाई बरी. निदान फोटो तरी पाठवील."

माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

दिवाळीनंतर मुंबईच्या सरकारी कचेरीत शेवटच्या दाखल्यासाठी गेलो. धरायला बायको हवीच. अधिकारी वयस्कर, सज्जन. त्यांनी माझी निळी फाइल उघडली, पानं उलटली आणि म्हणाले, "इतकी नीट फाइल माझ्याकडे माणसांचीही येत नाही. कोणी केली?" मी मान खाली घातली. लाजून नव्हे, तो क्षण पुरवून पुरवून घ्यावा म्हणून.

मग त्यांनी यंत्र फिरवलं, नंबर ताडला आणि बायकोकडे बघून विचारलं, "कुत्रा तुमचा ना?"

"हो," बायको म्हणाली.

"माझा," बाई त्याच वेळी म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. कागदावर नाव एक, पट्टा दुसरीच्या हातात. ते गमतीत म्हणाले, "सोडा बघू. जाईल त्याचा."

बायकोने पट्टा सोडला. मला वाटलं, आता काहीतरी होणार. बाई गुडघ्यांवर बसल्या, हात पसरून. बायको उभीच होती, पदराचं टोक मुठीत धरून. कुत्रा दोघींच्या मधून गेला, टेबलाला वळसा घातला आणि दारापाशी वडापाव खात उभ्या असलेल्या शिपायासमोर जाऊन बसला. शेपटी आपटत.

"साहेब, माझ्या नावावर करा," शिपाई तोंडातला घास सांभाळत म्हणाला.

अधिकारी हसले, मी हसलो, बाईही हसल्या. पण सगळ्यांत जास्त बायको हसली. इतकी की तिला भिंतीला धरावं लागलं. परत येताना शहाड येईपर्यंत ती मधूनच हसत होती. त्यानंतर मुरबाडपर्यंत त्याचा पडलेला कान कुरवाळत बसली.

जायच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. पिंजऱ्यात घराचा वास असलेलं एक कापड ठेवलं तर जनावर शांत राहतं, असं विमान कंपनीने सांगितलं होतं. बाईंनी जरा अडखळत विचारलं, "काकूंची एखादी जुनी साडी मिळेल?"

"धुवून देते," बायको म्हणाली.

"नको, नको. न धुतलेलीच पाहिजे."

बायको फोन बाजूला धरून मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून कुनी अशी मागितली नाय." मग आत जाऊन अंगावरची साडी बदलली आणि नेसलेली होती ती घडी करून दिली. नव्या संसाराच्या गादीवर, त्या रबरी हाडाशेजारी, आमच्या घराची ती साडी अंथरली गेली. तीन वर्षं तिकडे खाल्लेल्या डब्यातल्या माशाचा वास कुणी मागितला नाही, एवढंच मी मनात नोंदवून ठेवलं.

विमानतळाच्या मालाच्या दारापर्यंत मी गेलो. बायको आली नाही. गाडी निघाली तेव्हा ती परसात म्हशीला पेंढा घालत होती आणि त्यातून मान वर काढत नव्हती. दारावरच्या माणसाने एकेक कागद मागितला, मी एकेक काढून दिला. एकही कमी पडला नाही. एकही चुकीचा निघाला नाही. शेवटपर्यंत मनात कुठेतरी वाटत होतं की एखादा निघेल. पिंजऱ्याच्या जाळीतून त्याचा उभा कान दिसत होता. ट्रॉली वळली आणि तोही दिसेनासा झाला. तो ओरडला नाही. एवढी सवय आम्हीच लावली होती.

तिकडून फोटो यायला लागले. बाईंनी शब्द पाळला. बर्फातला कुत्रा, लाल कोट घातलेला कुत्रा, ट्राममध्ये सीटखाली बसलेला कुत्रा. नगरपालिकेत त्याची नोंद झाली आणि त्याला गळ्यात घालायला बिल्लाही मिळाला, असं कळलं. मग बाईंनी सांगितलं की त्याला शाळेत घातलंय. तिकडे कुत्र्यांची शाळा असते.

"दाखला देतात का?" मी विचारलं. तोंडातून निघूनच गेलं.

"देतात ना काका, पण हा पास होत नाहीये. हाक मारली तरी येतच नाही. टीचर सगळं करून बघतात. काकू त्याला कशा बोलवायच्या, ते रेकॉर्ड करून पाठवाल का?"

बायको फोनसमोर उभी राहिली. पदर सारखा केला. "या," ती म्हणाली, "इकडे या." रेडिओवर भाषण द्यावं तसं.

"असं बोलवायचीस?"

"मंग काय शिव्या पाठवू जर्मनीला?"

मी ते पाठवलं. उत्तर आलं, त्याने कानही हलवला नाही. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, ओट्यावर गेली, रेकॉर्डिंग चालू असलेला फोन कडेला ठेवला, त्याच्याकडे पाठ केली आणि शेताकडे तोंड करून ओरडली, "ए मेल्या! कुटं उलथलास रं? ये लौकर, सांज झाली!" रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबून बघायला लागला. तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

ते मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा व्हिडिओ आला. हिरवं मैदान, कुंपण, जाड कोटातल्या शिक्षिका फोन उंच धरून उभ्या. आमच्या ओट्यावरचा आवाज त्या मैदानात घुमला. कुत्रा लांब कुठेतरी हुंगत होता, तो तिथेच ताठ झाला. मग सुटला. शिक्षिकेपर्यंत आला, फोन हुंगला, तिच्याभोवती फिरून मागे बघून आला. पुन्हा फिरला. मग फाटकापाशी गेला आणि बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून बसला. बाई हाका मारत होत्या, बिस्किट दाखवत होत्या. तो बसूनच होता. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'काकू, वर्क झालं!! सो स्वीट!' आणि पुढे बदामांची रांग.

मी ते दोनदा पाहिलं.

"आला का?" बायकोने आतून विचारलं.

"आला. एका हाकेत आला."

"मंग दाखवा की."

"नेटवर्क नाय," मी म्हणालो. आमच्याकडे घाटाच्या पायथ्याला खरंच नसतं, त्यामुळे ते खपून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारणं सोडलं.